सात किलोग्रॅमची सवलत

फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबानें १९०६ सालीं ल मां या गांवाजवळ पहिली ‘ग्रां प्री’ शर्यत भरविली, तेव्हां तिच्यासाठीं केलेल्या नियमांत एक लहानसें कलम होतें. मोटारीचें वजन एक हजार किलोग्रॅमहून अधिक असतां कामा नये, हा मुख्य नियम. हत्यारें, गाद्या, मडगार्ड, दिवे आणि दिव्यांचें सामान हीं या हिशेबांत धरावयाचीं नव्हतीं. कारण शर्यतीला निघतांना तीं उतरवूनच ठेवावयाचीं. पण इंजिनांत ठिणगी पाडण्यासाठीं मॅग्नेटो अथवा डायनॅमो बसविलेला असेल, तर त्या मोटारीस आणखी सात किलोग्रॅम वजनाची सवलत होती.

सात किलो म्हणजे आपल्या घरांतील बाजाराच्या पिशवीएवढें वजन. बारा-तेरा लिटरांचें इंजिन वाहणाऱ्या राक्षसी यंत्रापुढें तें कांहींच नव्हे, असें वाचकांस वाटेल. परंतु हजार किलोंच्या मर्यादेंत मोठ्यांत मोठें इंजिन बसावें म्हणून त्या काळचे कारागीर सांगाड्याच्या पोलादास भोंकें पाडीत, पायांखालच्या पट्ट्या कोरीत, बैठक नांवापुरती ठेवीत. मोटारीच्या अंगावरून जें जें काढतां येईल तें तें काढून टाकणें हीच शर्यतीच्या कारखान्यांतील मुख्य विद्या होती व आजहि आहे. अशा ठिकाणीं नियम करणाऱ्यांनीं ठिणगीच्या उपकरणास वेगळें माप लावलें, यांत आम्हांस त्या काळाचें एक मोठें मार्मिक मत दिसतें. बाकी सर्व ओझें. हें मात्र ओझें नव्हे, असें तें मत होय.

आज शर्यतीसाठीं सोलून काढलेल्या मोटारीकडे पाहिलें तर त्या मताची सत्यता निराळ्या रीतीनें पटते. दारांचीं अस्तरें, मागची बैठक, गालिचे, रेडिओ, थंड हवेचें यंत्र हें सर्व उतरविलें जातें, आणि उघड्या पत्र्यावर शेवटीं एकच नवी वस्तु अतिशय काळजीपूर्वक चढविली जाते: इंजिनाच्या तारांचा जुडगा. इंग्रजींत याला ‘हार्नेस’ म्हणतात व आपल्याकडील कारागिरांतहि आतां तोच शब्द रुळला आहे. मूळचा अर्थ घोड्याचा साज. घोडा गेला, साज राहिला! आम्ही इतिहासाचे अध्यापक असल्यामुळें या साजाची घडण आम्हांस यंत्रशास्त्रापेक्षां इतिहासाच्या अंगानें अधिक बोलकी वाटते. कारण मोटारीच्या शर्यतींतील बहुतेक सर्व गोष्टी हलक्या होत गेल्या असतां, हा एक साज मात्र एका तारेपासून शेकडों तारांपर्यंत वाढत गेला आहे.

आरंभीं पाहूं गेलें तर तार ही मोटारीची सर्वांत दुबळी नस होती. कार्ल बेंझनें १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या आपल्या तीनचाकी गाडींत ठिणगी विजेनेंच पाडली. परंतु बॅटरी, थरथरणारी कॉइल आणि तिच्यापासून सिलिंडरापर्यंत जाणारी तार यांनीं त्यास इतकें सतावलें, कीं ठिणगीच्या प्रश्नास तो ‘प्रश्नांचा प्रश्न’ म्हणे. १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बेर्टा ही नवऱ्यास न सांगतां दोन मुलांस घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइम येथें माहेरीं गेली. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली, आणि ठिणगीच्या तारेवरचें वेष्टन घांसून गेलें तेव्हां मोज्याचा पट्टा काढून तो तारेस गुंडाळला. मोटारीच्या इतिहासांत पहिला लांबचा प्रवास म्हणून ही कथा सांगतात. आम्हांस ती तारेच्या पहिल्या दुरुस्तीची कथा म्हणून अधिक मोलाची वाटते; उघडी पडलेली तार लोखंडास टेकली कीं गाडी मेली, हें शास्त्र त्या बाईनें पुस्तकावांचून रस्त्यावर शिकून घेतलें होतें.

बेंझचा प्रतिस्पर्धी डाइमलर यानें ही कटकटच नको म्हणून विजेस रजा दिली होती. त्याच्या इंजिनांत सिलिंडराच्या डोक्यावर एक बारीक नळी असे, ती बाहेरून ज्योतीनें लाल तापवीत, व आंत दाबला गेलेला वायु त्या नळींत शिरला कीं पेट घेई. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दोस जाऊन परत येण्याची ११७८ किलोमीटरांची शर्यत एमील लेव्हासोरनें अठ्ठेचाळीस तास सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस मिनिटांत जवळजवळ एकट्यानें हांकून पुरी केली, ती याच तापल्या नळीच्या जोरावर. यांत तार नाहीं, बॅटरी नाहीं. पण पेट्रोलच्या टांकीपासून हातभर अंतरावर उघडी ज्योत मात्र आहे. गाडी उलटली तर काय होईल हें सांगावयास नकोच. शिवाय पेट केव्हां घ्यावा हें नळी आपल्या मर्जीनें ठरवी. चालविणाराच्या हातीं कांहीं नसे. वेग वाढूं लागला तसें हें परवडेना, आणि वीज पुन्हा बोलवावी लागली.

ती आली ती स्टुटगार्टमधील एका लहान दुकानांतून. रॉबर्ट बॉश यानें १८८७ सालीं एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून, ड्यूट्झ येथील इंजिनांवर असलेल्या यंत्राच्या धर्तीवर, एका जागीं बसविलेल्या इंजिनासाठीं पहिला मॅग्नेटो बनविला. चुंबकाच्या मिठींत तारेचें वेटोळें हलवावें म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व. इंजिनानें स्वतःच तें वेटोळें हलवावें म्हणजे बॅटरीची गरजच उरत नाहीं, ही त्यांतील खुबी. पण हें यंत्र जड व मंद होतें. दहा वर्षांनीं, १८९७ सालीं, फ्रेडरिक सिम्स या इंग्रज व्यापाऱ्यानें एक द दियों-बूतों तीनचाकी बॉशकडे पाठवून तीस मॅग्नेटो बसवून मागितला. तिचें चिमुकलें इंजिन मिनिटास दीड हजारांहून अधिक फेरे घेई. त्या गतीस जुना मॅग्नेटो टिकणें शक्य नव्हतें. तोड काढली ती बॉशच्या कारखान्यांतील आर्नोल्ड त्सेरिंगर यानें. जड वेटोळें हलविण्याऐवजीं तें स्थिर ठेवून, त्याच्या व चुंबकाच्या मध्यें एक हलकें धातूचें कवच मागेंपुढें हलवावें, एवढीच ती कल्पना. कारखान्याचें नांव जगभर गेलें. त्सेरिंगरचें नांव आज त्या धंद्याच्या इतिहासाबाहेर कोणास ठाऊक नाहीं. १९०० सालच्या जुलैंत काउंट झेपेलिनचें पहिलें विमान हायड्रोजननें फुगलेल्या पोटाखालीं इंजिनें घेऊन उडालें, तेव्हां त्यावरहि बॉशचाच मॅग्नेटो होता. तेथें उघड्या ज्योतीचा विचारहि कोणी केला नसता.

आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबांत ज्यांनीं जुनी स्कूटर वापरली आहे, त्यांस हें तत्त्व समजावून सांगावयास नको. तिची बॅटरी महिनोन्महिने मेलेली असली तरी किक मारतांच ती सुरू होई, कारण तिच्या चाकांतच चुंबक बसविलेले होते. गॅरेजवाला ‘मॅग्नेट साफ केला’ म्हणे, तो हाच मॅग्नेटो. कॉलेजांत फॅरडे शिकून आलेल्या मालकापेक्षां त्या गॅरेजवाल्यास फॅरडे अधिक कळला होता असें आम्हांस पुष्कळदां वाटलें आहे.

आतां शर्यतीकडे वळूं. १९०२ सालची गॉर्डन बेनेट शर्यत एस. एफ. एज यानें इंग्रजी नेपियर मोटारीवर जिंकली होती. त्यामुळें पुढील वर्षीं ती भरविण्याचा मान ब्रिटनकडे आला. पण इंग्लंडांत मोटारीस कायद्यानें घातलेली वेगमर्यादा ताशी चौदा मैलांच्या वर नव्हती. अखेर पार्लमेंटानें खास कायदा करून आयर्लंडांतील अथाय गांवाजवळचे रस्ते शर्यतीपुरते मोकळे केले. जर्मनीच्या वतीनें मर्सिडीझच्या नव्वद अश्वशक्तीच्या नव्या मोटारी उतरावयाच्या होत्या. परंतु जून १९०३ मध्यें कानश्टाट येथील कारखान्यास आग लागली आणि त्या सर्व जळाल्या. शर्यतीस तीन आठवडे उरले होते.

कारखान्यानें मग जुन्या गिऱ्हाइकांकडे हात पसरला. साठ अश्वशक्तीच्या मोटारी कांहीं श्रीमंतांनीं फिरावयास म्हणून घेतल्या होत्या. त्यांपैकीं क्लॅरेन्स ग्रे डिन्समोर या अमेरिकन गृहस्थाची एक. या मोटारींच्या आरामशीर बैठका, मडगार्ड, दिवे सर्व उतरविलें, उघड्या सांगाड्यावर दोन साध्या खुर्च्या ठेवल्या, आणि त्या तशाच अथायला नेल्या. सोलून काढलेली मोटार म्हणजे काय, याचें याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस आठवत नाहीं. डिन्समोरची मोटार बेल्जियन कामीय जेनात्झीनें हांकली. लाल दाढीमुळें व बेफाम हांकण्यामुळें त्यास ‘तांबडा सैतान’ म्हणत. २ जुलै १९०३ रोजीं त्यानें सवातीनशें मैलांहून अधिक अंतर साडेसहा तासांहून थोड्या अधिक वेळांत तोडून शर्यत जिंकली. मागून द नीफ व फार्मान हे फ्रेंच आपल्या पानार मोटारींवर आले. जें इंजिन पाहुण्यांस हवा खावयास नेण्यासाठीं बांधलें होतें, त्यानें खास शर्यतीसाठीं घडविलेल्या यंत्रांस मागें टाकलें.

त्या मोटारींत ठिणगी पाडणारा मॅग्नेटो हलक्या दाबाचा होता. त्यापासून निघणारी वीज एका जाड वाहकानें सिलिंडरांच्या माथ्यावर नेलेली असे. प्रत्येक सिलिंडराच्या आंत दोन धातूचीं टोकें एकमेकांस टेकलेलीं, व तीं योग्य क्षणीं एका दांडीनें विलग होतांच मध्यें ठिणगी उडे. म्हणजे सगळें काम दांड्यांचें, खटक्यांचें. तार जवळजवळ नाहींच. तुटण्यासारखी, भिजण्यासारखी, हादऱ्यानें सैल होण्यासारखी वस्तु कमी, हें अशा उघड्या गाडीस सोयीचें होतें. बॉशच्या मंडळींनीं या विजयाचा पुढें पुरेपूर उपयोग करून घेतला. त्यांच्या जाहिरातींतील लाल सैतान हा जेनात्झीच्या चेहऱ्यावरून काढलेला आहे.

दरम्यान १९०२ सालींच बॉशच्या कारखान्यांतील गोट्लोब होनोल्ड यानें उंच दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला होता. आंतील दांड्या गेल्या, आणि प्रत्येक प्लगास एकेक तार आली. चार सिलिंडरांस चार तारा, व इंजिन बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी आणखी एक: शर्यतीच्या मोटारीचा साज तो एवढाच. ल मांच्या त्या सात किलोंच्या कलमामागें हा सारा इतिहास आहे. जो कारखानदार बॅटरीच्या भरंवशावर न राहतां स्वतःची वीज स्वतः निर्माण करणारें यंत्र बसवील, त्याचें त्या यंत्राच्या वजनामुळें नुकसान होऊं नये, असाच नियमकर्त्यांचा हेतु असला पाहिजे.

ती शर्यत २६ व २७ जून १९०६ असे दोन दिवस चालली. एक फेरी १०३ किलोमीटरांची, दररोज सहा फेऱ्या. बत्तीस मोटारी निघाल्या, अकरा पोंचल्या. गाडीचें कांहीं बिघडलें तर चालविणारा व त्याच्या शेजारीं बसलेला मेकॅनिक या दोघांनींच तें दुरुस्त करावयाचें, तिसऱ्यानें हात लावावयाचा नाहीं. रात्रीं तर मोटारी पहाऱ्यांत ठेवलेल्या. रेनो मोटारीवर जिंकलेला फेरेन्त्स सिस हा हंगेरियन गृहस्थ स्वतः मूळचा मेकॅनिकच, लुई रेनोच्या शेजारीं बसून शर्यती केलेला. त्या काळीं तार, प्लग व सांधा ओळखणारा माणूस गाडींतच बसलेला असे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९२५ सालीं ग्रां प्री शर्यतींतून या शेजाऱ्यास काढून टाकलें. दुसरी बैठक कांहीं काळ रिकामीच फिरत राहिली.

या चार तारांवर राष्ट्रांचें दैवहि टांगलेलें होतें, हें १९१४ सालीं कळून आलें. ४ जुलै रोजीं लियों येथें झालेल्या फ्रेंच ग्रां प्रींत मर्सिडीझनें पहिली, दुसरी व तिसरी अशा तिन्ही जागा घेतल्या. आठवड्यापूर्वीं सारायेव्हो येथें आर्चड्यूकचा खून झाला होता, व महिन्याभरांत युरोप पेटलें. तेव्हां ब्रिटनच्या ध्यानांत आलें, कीं आपल्या मोटारी, लॉऱ्या व विमानें यांतील बहुतेक मॅग्नेटो स्टुटगार्टहून येतात! आरमार आहे, साम्राज्य आहे, पोलाद आहे, पण ठिणगी शत्रूच्या घरची. इंग्रज कारखान्यांनीं धांवपळ करून ती विद्या युद्धकाळांत आत्मसात् केली. अमेरिकेनें १९१८ सालीं बॉशची तेथील शाखाच जप्त केली. स्वदेशीचा एवढा परखड धडा एखाद्या व्याख्यानांत ऐकावयास मिळणें कठीण. याच बॉशची आपल्याकडील शाखा पुढें १९५१ सालीं मायको या नांवानें बंगळुरांत उभी राहिली, आणि नाशिककरांच्या तोंडीं ‘मायको सर्कल’ हा पत्ता बसला.

लोकांच्या मोटारींचा मार्ग मात्र याच सुमारास शर्यतीच्या मोटारींहून फुटला. चार्ल्स केटरिंग यानें १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीस विजेचा स्टार्टर दिला. त्याबरोबर डायनॅमो, बॅटरी, विजेचे दिवे व कॉइलची ठिणगी हीं सर्व एका कुटुंबांत आलीं. हँडल मारण्यांत मनगट मोडून घेण्याचा प्रसंग टळला, व सामान्य मोटारींत तारांचें जाळें पसरूं लागलें. शर्यतवाल्यांनीं तें घेतलें नाहीं. दिवे नकोत, स्टार्टर नको, मग बॅटरी कशाला वाहावयाची? ढकलून सुरू करावी, मॅग्नेटोनें चालवावी. १९५० नंतरच्या दशकांतील मासेराटीची प्रसिद्ध २५०-एफ ही गाडी पाहा: सहा सिलिंडरांस बारा प्लग, त्यांस दोन मॅग्नेटो. त्या बनविणाऱ्या इटालियन कंपनीचें नांवच ‘मान्येती मारेल्ली’, म्हणजे मारेल्लीचे मॅग्नेटो. १८८७ चें तत्त्व सत्तर वर्षें शर्यतींत राज्य करीत होतें.

त्याचा शेवट दोन बाजूंनीं झाला. १९६१ पासून फॉर्म्युला वनच्या मोटारींनीं स्वतःचा स्टार्टर जवळ बाळगणें सक्तीचें झालें. म्हणजे बॅटरी पुन्हा घरांत आली, व जिला दार बंद होतें ती कॉइलहि मागोमाग शिरली. दुसरी बाजू अधिक खोल. ठिणगी नेमकी कोणत्या क्षणीं पडावी व पेट्रोल किती शिंपडावें हें पूर्वीं दांते व वजनें ठरवीत. १९७९ सालीं बॉशनें मोट्रॉनिक या नांवानें जी यंत्रणा बाजारांत आणली, तिच्यांत हीं दोन्ही कामें एका गणकयंत्राकडे गेलीं. १९८३ सालीं नेल्सन पीके हा बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनावर जगज्जेता झाला तो अशा गणकाच्या साहाय्यानें. गणकास डोळे-कान लागतात. क्रँक कोठवर फिरली, थ्रॉटल किती उघडलें, पाणी किती तापलें, धुरांत प्राणवायु किती उरला, हें सांगणाऱ्या प्रत्येक ज्ञानेंद्रियाकडून तारा आल्या. प्रत्येक सिलिंडराच्या कॉइलकडे व पिचकारीकडे तारा गेल्या. चार तारांचा साज पाहतां पाहतां मनगटाएवढा जाड झाला.

हा साज कसा विणतात तें आम्ही एका अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांच्या कार्यशाळेंत तासन्‌तास उभें राहून पाहिलें आहे. पहिलें काम तारेचें नव्हे, सुतळीचें. उघड्या सांगाड्यावर इंजिन बसवून, गणकयंत्राच्या जागेपासून प्रत्येक ठिकाणापर्यंत सुतळी नेऊन अंतरें घेतात. एक्झॉस्टच्या धगीपासून दूर, फिरत्या पट्ट्यापासून दूर, व जेथें माणसाचा पाय पडेल तेथून दूर. मग त्या मापांचा नकाशा फळीवर काढून, खिळे ठोकून, तेथें तारा अंथरतात. गाडींत वाकून विणलेल्या तारा कधीं नीट होत नाहींत, असें त्यांतील प्रमुख मुलीनें आम्हांस बजावून सांगितलें.

तारांची जुडी बांधण्यांत एक विशेष आहे. सरळ तारा एकत्र आवळल्या व जुडी वांकविली, तर बाहेरच्या बाजूच्या तारा ताणल्या जातात व आंतल्या दबतात. इंजिनाच्या अखंड हादऱ्यांत ताणलेली तार एक दिवस आंतल्या आंत तुटते. म्हणून मध्यें एक तार ठेवून तिच्याभोंवतीं सहा तारा पीळ देऊन गुंडाळतात, त्यांवर उलट्या पिळानें बारा, त्यांवर पुन्हा सुलट्या पिळानें अठरा. सारख्या जाडीचीं वर्तुळें एकाभोंवतीं एक रचलीं तर हेच आंकडे येतात. पिळामुळें प्रत्येक तार बाकाच्या बाहेरून आंत व आंतून बाहेर फिरत राहते, ताण एकीवर सांचत नाहीं. मोटेचा नाडा वळणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास या कृतींत नवें कांहीं वाटलें नसतें.

तारा साध्या नसतात. पूर्वींचें रबर व लाखेनें माखलेला सुती गोफ जाऊन, विमानांसाठीं तयार झालेलें पातळ कृत्रिम वेष्टन आलें आहे. तें दीडशें अंश सेंटिग्रेडपर्यंत टिकतें आणि पातळ असल्यामुळें वजन वांचवितें. टोकास पितळी खिळा जोडावयाचा तो डाख देऊन नव्हे, दाबून. घरगुती रेडिओ दुरुस्त केलेल्या मनुष्यास हें चमत्कारिक वाटतें; डाख तर किती पक्का! पण वितळलेलें कथील तारेच्या बारीक धाग्यांत वर चढतें, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, व जेथें ताठपणा संपून लवचिकपणा सुरू होतो तेथें हादऱ्यानें तार तुटते. योग्य मापाच्या चिमट्यानें दाबलेला सांधा मात्र धाग्यांचा लवचिकपणा राखतो. क्रँकची खबर आणणाऱ्या दोन तारा एकमेकींस पीळ देऊन, वर जाळीचें कवच घालून, कॉइलच्या तारांपासून अलग नेतात. नाहीं तर कॉइलच्या विजेचा गलबला त्या बारीक कुजबुजींत मिसळतो आणि गणकयंत्र भलत्याच क्षणीं ठिणगी पाडतें. परत येणाऱ्या विजेसाठीं, ज्यास कारागीर ‘अर्थ’ म्हणतात, सर्व तारा एका जागीं आणून बांधतात. शेवटीं आंखडणारी नळी चढवून गरम हवेनें ती आवळतात, प्रत्येक शाखेस चिठ्ठी लावतात, आणि टोकाशीं थोडी तार मुद्दाम जास्त ठेवतात. पुढें सांधा बदलावा लागला तर कामास यावी म्हणून. चार-सहा आठवड्यांच्या या कामांतून जी वस्तु निघते, ती गाडींत बसली कीं कोणास दिसतहि नाहीं.

तारांची ही वाढ कोठें तरी थांबणें भागच होतें. १९८६ सालीं बॉशनेंच ‘कॅन’ नांवाची एक पद्धति जाहीर केली. तिच्यांत पीळ दिलेल्या दोनच तारांवरून अनेक उपकरणें पाळीपाळीनें आपला निरोप पाठवितात, आणि ज्याचा निरोप अधिक निकडीचा त्यास आधीं वाट मिळते. मोठ्या प्रवासी मोटारींत आज तारांची लांबी कांहीं किलोमीटर भरते. ही पद्धति नसती तर ती किती झाली असती कोण जाणे.

पण तार एक असो वा शंभर, तिचा जुना दुबळेपणा गेलेला नाहीं. सप्टेंबर २०१४ मध्यें सिंगापूरच्या शर्यतीस निको रोझबर्ग आला तेव्हां तो आपला सहकारी लुइस हॅमिल्टन याच्या बावीस गुणांनीं पुढें होता. दोघांच्याहि मोटारी मर्सिडीझच्याच. शर्यत सुरू होण्यापूर्वींच त्याच्या सुकाणूवरील बटणें ऐकेनाशीं झालीं. आजच्या या मोटारींत क्लच, रेडिओ, इंजिनाचा पवित्रा, सर्व कांहीं त्या सुकाणूच्या दांड्यांतून जाणाऱ्या तारांवर चालतें. चक्र बदलून पाहिलें, उपयोग झाला नाहीं. गियर तेवढे बदलतां येत होते. त्यावर तो सर्वांच्या मागून, दुरुस्तीच्या गल्लींतून निघाला, आणि चौदा फेऱ्याहि न होतां थांबला. हॅमिल्टन जिंकला व तीन गुणांनीं पुढें गेला. जगज्जेतेपदहि त्या वर्षीं त्यासच मिळालें.

संघानें तो भाग काढून प्रयोगशाळेंत तपासला. दांड्यांतील विजेच्या वाहकांवर एक परका पदार्थ सांडलेला आढळला. शर्यतीपूर्वींच्या नेहमींच्या साफसफाईंत वापरला जाणारा, डोळ्यांस न दिसणारा. त्याच्यामुळें वीज अधूनमधून भलत्या वाटेनें जात होती. जेनात्झीच्या शेजारचा मेकॅनिक असता तर त्यानें झांकण उघडून, फडकें घेऊन, तो सांधा पुसून पाहिला असता. सिंगापूरच्या गाडींत मेकॅनिकला बसावयास जागा नव्हती, आणि असती तरी त्या सांध्यापर्यंत त्याचा हात पोंचला नसता.